परत आलं ते जहाज : शोधयुगातल्या आरमारांची तुलना

खाडीकाठ

गेल्या महिन्यात ओहोटीच्या वेळेला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उभा होतो. समोर कुंडलिकेचं मुख, पलीकडे कोर्लईचा डोंगर, आणि खाडीत मासेमारीसाठी रोवलेले खुंट पाण्याबाहेर आलेले. एका खुंटावर बगळा बसला होता. बरोबरच्या मंडळींना किल्ला बघायची घाई होती, माझा पाय मात्र तिथून निघेना. पाचशे वर्षांपूर्वी ह्याच खाडीत अशाच खुंटांनी एका पोर्तुगीज जहाजाचा घात केला होता.

मार्च १५०८. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सो इथल्याच चौल बंदरात नांगर टाकून होता. तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली चालून आलं. दीवचा मलिक अयाझ हलकी गलबतं घेऊन त्याला येऊन मिळाला. खाडीतून बाहेर पडताना लोरेन्सोच्या जहाजाला भगदाड पडलं, आत पाणी भरलं, जहाज जड झालं आणि वाहत जाऊन मासेमारीच्या खुंटांत अडकलं. ओढून काढायचे प्रयत्न फसले. लोरेन्सोच्या पायाला तोफेचा गोळा लागला, तरी डोलकाठीच्या बुंध्याशी बसून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने तो मेला.

तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे मांडतो. शोधयुगातल्या, म्हणजे ढोबळमानाने १४२० ते १६५० या काळातल्या आरमारांची तुलना आपल्याला वाचायला मिळते ती बहुतेक वेळा टन, तोफा आणि डोलकाठ्यांच्या तक्त्यात. कोणाचं जहाज मोठं, कोणाच्या तोफा जास्त. मला हा तक्ता पुरेसा वाटत नाही. चौलच्या खाडीत त्यातला एकही आकडा कामाला आला नाही. माझ्या लेखी त्या काळातल्या जहाजाचं खरं माप एकच: गेलेलं जहाज परत येतं का, आणि आलं तर किती माणसांनिशी.

पोर्तुगालपासूनच बघू. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर बोजादोर नावाचं भूशिर आहे. १४३४ मध्ये जिल इयानिश ते ओलांडून परत आला. तोवर ते ओलांडायला खलाशी घाबरायचे, आणि त्या भीतीला कारण होतं. तिथे वारा ईशान्येकडून वाहतो. दक्षिणेला जायचं तर शीड उघडलं की झालं. घरी यायचं तर तोच वारा तोंडावर. यावर पोर्तुगीजांनी दोन उत्तरं शोधली. पहिलं जहाजाचं. काराव्हेल हे पन्नास-साठ टनांचं हलकं जहाज, त्रिकोणी शिडाचं, वीस-पंचवीस माणसांत चालणारं. हे शीड वाऱ्याला तिरकं कापत, नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकू शकतं. दुसरं उत्तर वाटेचं. परतताना किनाऱ्याला पाठ करायची, थेट अटलांटिकच्या पोटात शिरायचं आणि अझोर बेटांपर्यंत वर चढायचं. तिथे पश्चिमेचा वारा भेटतो आणि तो पोर्तुगालला आणून सोडतो. याला ते ‘व्होल्टा दो मार’ म्हणत, समुद्राचा वळसा. घर गाठण्यासाठी आधी घरापासून लांब जायचं, हे ज्याने पहिल्यांदा केलं त्याच्या हिमतीला माझा दंडवत.

आता वास्को द गामा. जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून चार जहाजं निघाली, सुमारे १७० माणसं. मालिंदीला त्याला एक जाणता वाटाड्या मिळाला आणि नैऋत्येचा वारा पाठीशी होता, त्यामुळे मालिंदी ते कालिकत हे अंतर चार आठवड्यांच्या आत पार झालं. २० मे १४९८ ला तो कालिकतला. इथवर आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकवलेला भाग परतीचा आहे. ऑगस्टच्या शेवटी तो कालिकतहून निघाला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याने जहाजं साफसूफ केली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आफ्रिकेकडे तोंड केलं. वारा पडलेला, नाहीतर उलटा. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, अंग सुजलं, तीसेक माणसं याच टप्प्यात मेली. त्याच्या ताफ्यातल्या एकाने लिहिलेल्या रोजनिशीत नोंद आहे की शेवटी एकेका जहाजावर काम करू शकतील असे सात-आठ जणच उरले होते. शेवटी सांव राफाएल हे जहाज जाळून टाकावं लागलं. जहाज धड होतं, पण ते चालवायला माणसं नव्हती.

स्पेनची गोष्ट याहून बोलकी आहे. मॅगेलनची पाच जहाजं १५१९ मध्ये निघाली आणि ६ सप्टेंबर १५२२ ला एकटी व्हिक्टोरिया परतली, १८ माणसं घेऊन. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच ताफ्यातल्या त्रिनिदादने मोलुक्का या मसाल्याच्या बेटांवरून उलट दिशेने, पॅसिफिकमधून अमेरिकेला परतायचा प्रयत्न केला. तो फसला आणि ती पोर्तुगीजांच्या हाती पडली. पुढे १५२७-२९ च्या सुमारास साआवेद्रा या स्पॅनिश कप्तानाने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फसला. पॅसिफिक ओलांडून जाणं जमत होतं, परत येणं चाळीस वर्षं जमत नव्हतं. शेवटी १५६५ मध्ये उर्दानेता नावाच्या धर्मगुरूने, जो मूळचा दर्यावर्दी होता, फिलिपिन्समधल्या सेबूहून निघून जहाज पार जपानच्या उंचीवर नेलं, तिथला पश्चिमेचा वारा पकडला आणि चार महिन्यांत मेक्सिकोचं अकापुल्को गाठलं. तोच वळसा, फक्त महासागर दुसरा. त्या एका वाटेवर मनिला-अकापुल्को गॅलिऑनांचा, म्हणजे मोठ्या शिडाच्या जहाजांचा, व्यापार १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं चालला.

तर माझं म्हणणं हे असं आहे. तुमचं माप काय? व्हेनिस, तुर्क, चीन, डच, इंग्रज, आपली गुराबं, सगळ्यांवर लिहा.

अबोली

फार आवडलं. पण चीनला तुम्ही शेवटच्या ओळीत ढकललंत हे नाही पटलं. त्यांचा आरमारप्रमुख झेंग ह १४०५ मध्ये निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तीनशेच्या वर जहाजं आणि सत्तावीस हजारांवर माणसं होती. गामाच्या नव्वद वर्षं आधी! आणि तुमच्याच मापाने बघायचं तर तो सात वेळा जाऊन आला. मग पहिला नंबर त्याचाच नको का?

खाडीकाठ

अबोलीताई, तुमचं बरोबर आहे, माझ्याच मापाने चीन वर येतो. १४०५ ते १४३३ या काळात सात सफरी झाल्या, आणि कालिकत हा त्यांचा नेहमीचा मुक्काम होता. वारा फिरेपर्यंत बंदरात थांबायचं आणि मग निघायचं, हे त्यांनी शिस्तीने पाळलं. जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून कप्पे केलेले, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज तरतं. युरोपात ही कल्पना रुळायला पुढे काही शतकं गेली.

मात्र ‘खजिन्याच्या जहाजां’ची जी लांबी सांगितली जाते, ४४ झांग म्हणजे सुमारे ४४० फूट, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. लाकूड तेवढ्या लांबीला स्वतःच्याच वजनाने वाकतं. १९०९ मध्ये अमेरिकेत ‘वायोमिंग’ नावाचं लाकडी जहाज बांधलं, डेकची लांबी ३५० फुटांच्या आसपास. लोखंडी पट्ट्यांचा आधार देऊनही लाटांवर ते इतकं पिळवटायचं की फटींतून आत येणारं पाणी पंपाने सतत उपसावं लागे. १९२४ मध्ये ते सगळ्या माणसांसकट बुडालं. नानजिंगच्या जुन्या गोदीत अकरा मीटर लांबीचा सुकाणूचा दांडा सापडला आहे, म्हणजे जहाजं प्रचंड होती यात शंका नाही. पण दोनशे-अडीचशे फुटांचा अंदाज मला पटतो. त्यानेही मान कमी होत नाही; गामाचं जहाज शंभर फुटांच्याही आतबाहेर होतं.

दरबाराचं मन फिरलं आणि पुढची सफर निघालीच नाही, ही हळहळ मलाही आहे.

बुरूज_आणि_तोफ

मी पूर्णपणे असहमत. परत येणं महत्त्वाचं, मान्य, पण परत तर अरब, गुजराती, मलबारी, जावानी सगळेच येत होते, गामाच्या आधी हजार-दीड हजार वर्षं. तरीही हिंदी महासागरावर परवाने विकले ते पोर्तुगीजांनी. का? तोफा.

चौलला मुलगा गेला, त्याचा सूड घ्यायला आल्मेइदा ३ फेब्रुवारी १५०९ ला १८ जहाजं घेऊन दीवला आला. समोर मामलुकांची जहाजं, मलिक अयाझची, आणि कालिकतच्या राजाने, सामुतिरीने पाठवलेली छोटी गलबतं. संख्येने ते कितीतरी जास्त. एका दिवसात निकाल लागला. पोर्तुगीज जहाजांचं लाकूड जाड, बांधणी खिळ्यांची, बाजू उंच. तोफेचा दणका सोसून ते पुन्हा तोफ डागू शकत होते. खालून वर चढून येणाऱ्याला वरून मार बसतो, हे किल्ल्याचं साधं गणित त्यांनी पाण्यावर नेलं. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. त्यानंतर ‘कार्ताझ’ नसलेलं व्यापारी जहाज दिसलं की जप्त. आपल्या सुलतानांना आणि मुघलांनासुद्धा हजच्या जहाजांसाठी तो परवाना घ्यावा लागला. याला सागरी सत्ता म्हणतात. वारा कसा पकडला हे त्यानंतर येतं.

खाडीकाठ

तुमचा मुद्दा वजनदार आहे. दीवबद्दल अक्षरशः सहमत. पण तोफा चालतात त्या ठराविक शत्रूवर आणि ठराविक जागी.

१५११ मध्ये मलाक्क्याच्या वाटेवर पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कची गाठ एका मोठ्या जंकशी पडली. जंक म्हणजे त्या भागातलं जहाज, फळ्यांचे एकावर एक थर ठोकून बांधलेलं. पोर्तुगीजांच्या सगळ्यांत मोठ्या तोफांचे गोळे वरचे थर फोडून आतच रुतले, आरपार जाईनात. तिथे मोठं आणि जाड जहाज आशियाई होतं, युरोपियन नव्हतं. लढाईचा निकाल पोर्तुगीजांच्या बाजूने लागला, पण त्यांची तोफ तिथे हतबल होती हे त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवलंय.

दुसरं उदाहरण स्वीडनच्या ‘व्हासा’चं. १६२८. दोन मजले भरून ६४ तोफा. स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघालं, वाऱ्याची झुळूक आली, जहाज कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं, आणि दीड किलोमीटरही न जाता ते तळाला गेलं. १९६१ मध्ये वर काढलं.

आणि १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेलेलं स्पॅनिश आरमार. सुमारे १३० जहाजं निघाली. इंग्रजांच्या तोफा भरायला सोप्या होत्या, चार छोट्या चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या, जहाजं बुटकी आणि चपळ, हे सगळं खरं. तरी इंग्लिश खाडीतल्या लढाईत स्पेनने गमावलेली जहाजं मोजकीच. खरा संहार झाला तो स्कॉटलंड-आयर्लंडला वळसा घालून घरी परतताना, वादळात. त्या वाटेची त्यांना माहिती नव्हती, आणि घाईत दोर कापून नांगर मागेच टाकून यावे लागले होते.

बुरूज_आणि_तोफ

जंकचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण गॅलीचं काय? भूमध्य समुद्रात तर वल्ह्यांच्या गॅल्या शेकडो वर्षं परत येत होत्या. व्हेनिसच्या आर्सेनालसारखी गोदी त्या काळात दुसरी नव्हती.

खाडीकाठ

हो, आणि ग्रीसजवळ लेपांतोला, तुर्क आणि ख्रिस्ती आरमारांच्या लढाईत, ७ ऑक्टोबर १५७१ ला, दोन्ही बाजूंनी दोनदोनशेच्या वर गॅल्या होत्या. पण गॅलीचं दुखणं तिच्या पोटात असतं. दीड-दोनशे वल्हेकरी, त्यांना उन्हात रोज लागणारं पाणी, आणि ते पाणी ठेवायला जागा नाही. म्हणजे दर थोड्या दिवसांनी किनारा हवाच. आणि बाजू इतक्या बुटक्या की मोठी लाट सरळ आत.

तुर्कांचा सेयदी अली रेईस १५५४ मध्ये बसऱ्याहून १५ गॅल्या सुवेझला न्यायला निघाला. वाटेत पोर्तुगीजांशी दोनदा झुंजला, मग पावसाळी वादळाने त्याला उचलून गुजरातच्या किनाऱ्यावर फेकलं. गॅल्या सुरतेत सोडून द्याव्या लागल्या. दर्यासारंग माणूस, पण घरी गेला तो जमिनीवरून: अहमदाबाद, सिंध, दिल्ली, काबूल, समरकंद, इराण. दिल्लीत हुमायून वारला तेव्हा हा तिथेच होता. इस्तंबूलला पोचायला १५५७ उजाडलं. भूमध्य समुद्रातलं उत्तम जहाज आपल्या पावसाळ्यापुढे कसं हरतं ते यात सगळं आलं.

मीरा_रॉटरडॅम

उशिरा येतेय, पण डच बाजू कोणीतरी मांडायलाच हवी.

इथून तास-दीड तासावर लेलिस्टाड म्हणून गाव आहे. तिथे ‘बटाव्हिया’ या जहाजाची जशीच्या तशी प्रतिकृती आहे, जुन्या पद्धतीने दहा वर्षं खपून बांधलेली. मी मुलांना घेऊन गेले होते. बाहेरून बघताना डोळे दिपतात. आतल्या डेकवर उतरलात की मान वाकवून चालावं लागतं, तोफांच्या मधल्या जागेत माणसं झोपायची, आणि डांबराचा वास कपड्यांत घरापर्यंत येतो. मूळ जहाजावर तीनशेच्या वर माणसं होती. १६२९ च्या जूनमध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रवाळावर चढलं. कारण तुमच्या विषयातलंच आहे. १६११ मध्ये ब्राउवर या कप्तानाने केपपासून, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून, सरळ पूर्वेला, दक्षिणेच्या जोरदार वाऱ्यांवर स्वार होऊन जायची वाट काढली. जावाला पोचायचा वेळ खूप वाचला. पण उत्तरेकडे कधी वळायचं हे कळायला रेखांश हवा, आणि तो मोजायची सोय तेव्हा नव्हती. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया.

माझं आवडतं डच जहाज मात्र हे नाही. ते आहे फ्लाउट, होर्न गावात १५९५ च्या सुमारास बांधायला लागले ते. दिसायला अगदी साधं: पोट फुगलेलं, डेक अरुंद, तोफा जवळजवळ नाहीत. शिडांचे दोर कप्प्यांवरून (पुलींवरून) असे फिरवलेले की दहा-बारा माणसांत जहाज चालायचं. तेवढ्याच मालाला इतरांना दुप्पट-अडीचपट माणसं लागायची. वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीच्या गिरण्या त्याच दशकात सुरू झाल्या होत्या, त्यामुळे फळ्या झटपट आणि एकसारख्या निघायच्या. बाल्टिकचं धान्य आणि लाकूड या जहाजांनी वाहिलं, त्यातून पैसा आला आणि त्या पैशावर १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. खाडीकाठ, तुम्ही ‘किती माणसांनिशी परत’ म्हणालात. मी म्हणेन, मुळात न्यावी किती लागली, तेही मोजा.

आणि परतीचा हिशेब डचांना सुखाचा नाही. कंपनीच्या दोनशे वर्षांत जवळजवळ दहा लाख माणसं इथून आशियाला गेली. परत आली ती निम्म्याहून बरीच कमी. काही तिकडे स्थायिक झाली, पण बरीचशी तापाने आणि आजाराने गेली. जहाजं परत आली, माणसं नाहीत.

गोव्याशी धागा: लिन्स्खोटेन नावाचा डच तरुण १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून होता. पोर्तुगीजांचे मार्ग, वारे, बंदरं सगळं टिपून त्याने १५९६ मध्ये पुस्तक छापलं. परतीच्या वाटा तोवर पोर्तुगीजांनी जपून ठेवल्या होत्या, त्या एका कारकुनाच्या वहीतून बाहेर पडल्या. पुढे १६३७ मध्ये डचांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली, ती गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवायला सोयीची पडली.

नवशिका

एक साधा प्रश्न. टन म्हणजे जहाजाचं वजन का?

खाडीकाठ

नाही. टन म्हणजे मूळात दारूचं मोठं पिंप. जहाजात अशी किती पिंपं मावतील तो आकडा. आणि प्रत्येक देशाचं पिंप वेगळ्या मापाचं, म्हणून स्पॅनिश टन आणि इंग्रजी टन शेजारी मांडून तुलना करू नये. (पिंप हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला आहे.)

वैद्यबुवा_नाशिक

गामाच्या माणसांना झालेला रोग म्हणजे स्कर्व्ही. ताजी फळं-भाजी नाही, क जीवनसत्त्व नाही, शरीर स्वतःला सांधून ठेवू शकत नाही. या रोगात जुन्या भरलेल्या जखमाही पुन्हा उघडतात, हे वाचून मी विद्यार्थिदशेत हादरलो होतो. इंग्रज कंपनीची पहिली सफर १६०१ मध्ये लँकेस्टरने नेली. त्याने आपल्या जहाजावर लिंबाचा रस ठेवला आणि रोज सकाळी चमचा चमचा दिला. त्याची माणसं बरीच धडधाकट राहिली, सोबतच्या जहाजांवरची आडवी पडली. तरीही इंग्रज आरमाराने तो रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. जहाजांची तुलना करणाऱ्यांनी हा चमचाही तक्त्यात घ्यावा.

सागरगड

महाराजांच्या आरमाराबद्दल कोणीच बोलत नाही हे बघून वाईट वाटलं. युरोपियनांना पाणी पाजणारं जगातलं सर्वश्रेष्ठ आरमार मराठ्यांचं होतं, कान्होजी आंग्र्यांपुढे इंग्रज-पोर्तुगीज एकत्र येऊनही टिकले नाहीत. आपण नेहमी परक्यांचंच कौतुक का करतो?

दर्यावरचा

सागरगड, अभिमान मलाही आहे, माझं घरच हर्णैचं. पण जे होतं ते जसं होतं तसं सांगितलं तरी अभिमानाला पुरून उरतं.

मराठी आरमार महासागर ओलांडायला बांधलंच नव्हतं. ते कोकणच्या खाड्यांसाठी होतं. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, दीडशे ते तीनशे टनांचं जहाज. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, चोचीसारखी निघालेली, आणि त्या चोचीवरून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. आता कोकणातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा पडलाय, खारा, म्हणजे समुद्रावरचा वारा अजून सुटायचाय, समुद्र तेलासारखा सपाट. इंग्रजांचं मोठं जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं. अशा वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना दोराने ओढत आणायची, ती थेट त्याच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी. वारा सुटला की खडकांमधल्या अरुंद वाटेने किल्ल्याच्या तोफांखाली परत. १६७९ मध्ये खांदेरीला मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या वेळी इंग्रजांच्या पहाऱ्यातून वल्हवत बेटावर सामान पोचवत राहिल्या, आणि खांदेरी राहिली ती आपल्याकडेच.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी स्पष्ट बजावलंय की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. आणि वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही असली थोर बरशी, फरगाती ही मोठी जहाजं बांधूच नयेत. कोणासाठी, कोणत्या पाण्यात, कोणत्या वाऱ्यात, हे ठरवून जहाज बांधणं यालाच मी श्रेष्ठ म्हणतो. कमी पडलो ते खोल समुद्रात, हेही खरं.

सागरगड

पटलं. ते दोराने ओढत आणायचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहिलं. फरगात म्हणजे फ्रिगेटच ना?

दर्यावरचा

हो, पोर्तुगीज ‘फ्रगाता’वरून. आणि त्यांचा ‘नाउ’ आणि आपली ‘नाव’ या तर एकाच मुळातल्या बहिणी.

लाकडाबद्दलही लिहायचं होतं. युरोपचं जहाज ओकचं. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारी कीड त्याला लवकर लागते. आपला साग तिला बराच दाद देत नाही, शिवाय त्यात खिळा गंजत नाही. म्हणून पोर्तुगीज गोव्यात, वसईत, दमणला जहाजं बांधायला लागले. गोव्यात १५६० च्या सुमारास बांधलेल्या ‘चागस’ या जहाजाने लिस्बन-गोवा वाटेवर जवळजवळ पंचवीस वर्षं काढली, तर लिस्बनला बांधलेली अनेक जहाजं तीन-चार फेऱ्यांत मोडीत जात. परत येण्याच्या शर्यतीत आपल्या सह्याद्रीचं आणि दमणगंगेच्या जंगलाचं लाकूडही धावलं, हे लक्षात असू द्या.

अबोली

काथ्याने शिवलेल्या जहाजांबद्दल कोणी सांगेल का? खिळ्यांशिवाय जहाज तरतं कसं?

दर्यावरचा

फळीच्या कडेला भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने फळी फळीला शिवायची, फटींत नारळाचं सोडण आणि राळ भरायची, वरून माशाचं तेल. असं जहाज लवचिक असतं. वाळूवर आपटलं तरी तडकण्याऐवजी दबतं. तोफांचा दणका मात्र त्याला मानवत नाही, तिथे बुरूजरावांचं म्हणणं खरं. या पद्धतीचं ‘कौंडिण्य’ हे जहाज नौदलासाठी गोव्यात बांधलं गेलं आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं. केरळच्या सुतारांनी ते शिवलंय.

खाडीकाठ

दर्यावरचा, तुमच्या घरी शिडाचं जहाज होतं असं मागे एका धाग्यात तुम्ही म्हणाला होतात. मग एक विचारतो. गामाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीव सोडायला नको होतं ना?

दर्यावरचा

आमचा आजा फत्तेमारीवर तांडेल होता. मंगळूरची कौलं भरून मुंबईला आणायचे, इंजिनाशिवाय, नुसत्या शिडावर. आजा जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून काल वडिलांना फोन करून विचारलं. गामाचं नाव न घेता, फक्त जागा आणि महिना सांगितला: कारवारहून पश्चिमेला, दसऱ्याच्या आसपास, शिडाचं जहाज.

ते लगेच म्हणाले, त्या दिवसांत वारा मेलेला असतो. पावसाचा वारा गेलेला, थंडीचा आलेला नाही. पाणी नुसतं तापतं, आणि जहाज आहे तिथेच डुलत राहतं. आजा त्या दिवसांत लांबचं भाडं घ्यायचाच नाही, खळ्यात शीड पसरून आजीबरोबर ठिगळं लावत बसायचा. किनाऱ्या-किनाऱ्याने जायला मतलई-खारा पुरतो, पण समुद्र ओलांडायचा तर उत्तरेचा वारा अंगाला गार लागेपर्यंत थांबायचं.

मग त्यांनी विचारलं, कोण जातंय? मी सांगितलं, पाचशे वर्षांपूर्वी गेला एक जण, तीन महिने लागले. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, दोन महिने थांबला असता तर महिन्यात पोचला असता. किती माणसं गेली त्याची?